आत एकाला जागा

रस तयार झाला तेव्हा कुणीच काही बोललं नाही. एवढंच झालं, आणि तेवढ्याने सगळा दिवस नासला. लांबलचक टेबलाच्या डोक्याशी, बिनबुडाच्या लाकडी पेटीत, अर्धं कथील अर्धं शिसं असा तो रस ओतून झाला होता. आधी तो लखलखतो, मग त्याच्यावर फुंकर घातल्यासारखी एक मंद छटा येते, आणि साखरेचा पाक जसा बघता बघता हातचा जातो तसा पुढच्याच क्षणी तो दाटून बसतो. त्या दोहोंच्या मधल्या एका श्वासात दोन माणसांनी पेटीच्या दोन बाजू धरून टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत धाव घ्यायची, की मागे कापडावर धातूचा सरळ, एकसारखा पत्रा पडत जातो. त्या पत्र्याच्या नळ्या वळायच्या, नळ्यांचा ऑर्गन व्हायचा, आणि तो कुठल्या तरी गावच्या चर्चमध्ये दर रविवारी घुमायचा. हेंडर नॅनकिव्हेल पेटीला हात लावून आपल्या बाजूला उभा होता. समोर, जिथे तीस वर्षं एर्नी स्टबिंग्ज उभा राहिला, तिथे आज वखारीतून मागवलेला पर्सी होता, कपाळाला घाम सुटलेला. भोवतीची माणसं नेहमीप्रमाणे आपापले हात थांबवून उभी होती. सगळे वाट पाहत होते. हेंडरही पाहत होता. ती छटा आली. वरच्या मजल्यावर कुणीतरी एकच नळी सुरात लावत होतं. तिचा एकच स्वर येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. आणि हेंडरच्या ध्यानात आलं, की जे वाक्य ऐकायला आपण थांबलो आहोत ते म्हणणारा माणूस शनिवारी मेला.

"अरे, ओढा की," मुकादम गॅड्सबी म्हणाला.

त्यांनी ओढली, पण वेळ गेलीच होती. पत्रा सुरुवातीला जाड, मध्ये फाटका आणि शेवटी लापशीसारखा गुठळ्यांचा पडला. चांगला पत्रा निवताना त्याच्यावर ठिपके उमटतात. आधी एक, मग चार, मग अंगभर, फुलं यावीत तसे. ते बघायला माणसं कामं सोडून उभी राहत. आज एकही आला नाही. गॅड्सबीने बोटाने एक गुठळी उचलून टाकली. "वितळवा परत," तो म्हणाला. मग हेंडरकडे वळून, आवाज उतरवून, "ते वाक्य का नाही म्हटलंस?"

"ते एर्नी म्हणायचा."

"ठाऊक आहे मला. पण आता तो यायचा नाही ना म्हणायला. तू तर कॉर्नवॉलचा, ते खूळ तुमच्याच मुलखातलं. शनिवारी पुन्हा ओतायचं आहे. तेव्हा तू म्हण."

योसेफाचा धंदा कथलाचा. वाक्य एवढंच होतं. पेटी ओढण्याआधी कुणीतरी हलक्या आवाजात ते म्हणायचं, आणि शेवटच्या शब्दावर दोघांनी पाऊल उचलायचं, ही रीत गॅड्सबीच्या आधीची, त्याच्या बापाच्याही आधीची. का म्हणायचं ते कुणी सांगू शकलं नसतं. हेंडरला मात्र ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याच्या तोंडून ते कधी निघालं नाही. त्याचा बाप तिकडच्या कथलाच्या खाणीतला माणूस. खाण बंद पडली तेव्हा बायको, पोर आणि कथलाची पारख एवढं घेऊन लंडनला आला. स्वयंपाकघरात बूट काढता काढता तो योसेफाविषयी असं बोलायचा, की वाटावं हा माणूस मागच्या गल्लीत राहतो. हा मरीयेचा नवरा नव्हे, तो बिचारा सुतार. हा अरिमथाईकर योसेफ, मरीयेचा काका, मोठा पैसेवाला. जहाजं होती त्याची. कथील घ्यायला आमच्या खाडीत यायचा. "आणि माझ्या राजा," बाप म्हणायचा, "एकदा येताना पुतणीच्या पोराला घेऊन आला. पोराला बोट लागली होती. माझ्या पणज्याच्या पणज्याच्या घरासमोरच्या झऱ्यावर त्याने तोंड धुतलं." पुढे त्या पोराला क्रूसावर मारलं, आणि सगळे शिष्य दाराला कड्या लावून बसले, तेव्हा हा श्रीमंत काका उठला, पिलात सुभेदाराकडे गेला, प्रेत मागून आणलं आणि स्वतःसाठी खडकात खोदून घेतलेल्या कोऱ्या कबरीत ठेवलं. बापाने हे सांगितलं की आई म्हणायची, "पाय धू आधी." घरात ही गोष्ट अशी पायधुणीच्या पाण्यासारखी होती. ती कारखान्यात दहा माणसांसमोर काढायची म्हणजे आईचं नाव चव्हाट्यावर घेण्यासारखं वाटे. हेंडर गप्प राहिला. एर्नीने आधीच्या माणसाकडून ते वाक्य उचललं आणि पहिल्या दिवसापासून आपलं करून टाकलं. हाच एर्नी, जो पाद्र्याची नक्कल करी, जो राजाच्या निधनाच्या दिवशीसुद्धा विनोद करायचा थांबला नाही, तो हे वाक्य म्हणताना असा काही गंभीर होई, की त्याच्याकडे बघवत नसे.

दुपारी एर्नीची बहीण विनी त्याचं सामान न्यायला आली. लॉन्ड्रीत इस्त्री करून तळवे लाल झालेली, ठेंगणी, भावासारखंच बोलणारी बाई. एर्नीचा ॲप्रन, चहाचा मग, एक मफलर, एवढं हेंडरने कागदात बांधून ठेवलं होतं. अंगणातल्या रचलेल्या फळ्यांवर ती बसली.

"एवढंच?" ती म्हणाली. "मला वाटलं, तीस वर्षांत निदान दुसरा मग तरी घेतला असेल."

"हाच आवडायचा त्याला."

"कान तुटलाय याचा." तिने तो मग कागदात परत ठेवला. "तुम्ही मंडळींनी वर्गणी काढलीत, मिस्टर नॅनकिव्हेल, फार केलंत. शवपेटीचं झालं, गाडीचं झालं. जमिनीचं काही होत नाही. माझ्या खोलीत कुंडी ठेवायला जागा नाही, जमीन कुठली आणू. शुक्रवारी सकाळी नेणार आहेत. सार्वजनिक खड्डा."

हेंडरने पुडक्याची दोरी पुन्हा बांधली.

"खाली कोण, वर कोण, देवाला ठाऊक. दगड लावू देत नाहीत. फुलं ठेवायची तर अंदाजाने ठेवायची." ती हसली, आणि ते हसू अगदी एर्नीचं होतं. "तो म्हणाला असता, बरंय विने, गप्पांना माणसं तरी मिळाली. पण आमच्या आईलाही तिथेच टाकली होती, तेव्हा तो महिनाभर बोलला नव्हता. एर्नी. महिनाभर. तुमचा विश्वास बसेल?"

"नाही," हेंडर म्हणाला.

ती आणखी थोडी बसली. तिने काही मागितलं नाही. मागण्यासारखं त्याच्यापाशी काही आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. सबंध लंडनमध्ये ते एकट्या हेंडरला ठाऊक होतं, आणि त्याच्या बायकोला. आणि बायको तिथेच होती. टेकडीवरच्या दफनभूमीत, भिंतीलगत, दोघांची जागा. खाली लव्हडे. वर तो. जागा घेतानाच दोघांची म्हणून घेतली होती, खोल खणायला लावली होती, आणि दगडावर तिच्या नावाखाली चार बोटं जागा कोरी सोडायला सांगितलं होतं. अंगावर घालायला एक चांगला कोट, राहायला भाड्याच्या दोन खोल्या, आणि ही जागा. बाकी हेंडरच्या नावावर काही नव्हतं. पण ती जागा आठवली की आपण श्रीमंत आहोत असं त्याला वाटे. संध्याकाळच्या बसमध्ये उभा राहून घरी जाताना, पाय दुखत असताना, त्या चार बोटं कोऱ्या दगडाचा विचार तो हात खिशात घालून किल्ली चाचपावी तसा करी.

विनी गेली. त्याने गॅड्सबीला पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि तो निघाला. बाहेर नोव्हेंबरची दुपार विझत आली होती. धुकं असं होतं, की पुढच्या दुकानाचा दिवा दिसे आणि दुकान दिसत नसे. बस घ्यावी असं त्याच्या मनात आलं नाही. पाय चढाला लागले. गप्प बसलं की झालं, त्याला वाटत होतं. काहीच करायचं नाही. गप्प बसणं आपल्याला जमतं. आयुष्यभर तेवढं एक नीट जमलं. शुक्रवार येईल, शुक्रवार जाईल. आणि लगेच त्या विचाराच्या पाठोपाठ रविवार आला. रविवारी दुपारी दारावर टकटक व्हायची नाही, तर थाप पडायची, आणि बसमधल्या कंडक्टरचा आवाज काढून एर्नी ओरडायचा, "आत एकाला जागा आहे का?" आतून लव्हडे पिठाचे हात पुसत पुसत म्हणायची, "एकालाच आहे. टोपी बाहेर ठेव." मग टोपी हातात घेऊन तो उभा राहायचा, ती दार उघडेपर्यंत, आणि दार उघडताना ती आधीच हसत असायची. इतकी वर्षं, दर रविवारी. तिच्या माहेरच्या पद्धतीने ती पास्टी करायची. करंजीसारखी दुमडलेली, पण तळहाताएवढी मोठी, आत मांस, बटाटा, सलगम. आणि प्रत्येकाच्या पास्टीच्या कोपऱ्यावर कणकेचं अक्षर चिकटवायची, खाणीतल्या माणसांसाठी करत तसं, अर्धी खाऊन ठेवली तरी कुणाची ते कळावं म्हणून. हेंडरचं अक्षर, तिचं स्वतःचं, आणि मग एका रविवारी तिसरं. त्या दिवशी हेंडरने ते अक्षर बराच वेळ पाहिलं होतं. एर्नीने तर ते आधी तोडून खिशात घातलं. "हे मी तारण ठेवणार," तो म्हणाला, आणि लव्हडे इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. हेंडरच्या बोलण्याने ती कधी खुर्ची धरून हसली नव्हती. त्याने आठवून पाहिलं. एकदाही नाही. त्यांचं काही वाकडं नव्हतं, मागेही नव्हतं, पुढेही झालं नाही. हेंडर इतका खुळा नव्हता. फक्त ती हसायची. आठवड्याचे सहा दिवस ती भली, कष्टाळू, शांत बाई असे, आणि सातव्या दिवशी कुणीतरी घरातला पडदा बाजूला सारावा तशी होई. म्हणून त्या टेकडीवरच्या जागेत आणखी एक सुख होतं, जे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. तिथे रविवार नव्हता. तिथे लव्हडे होती आणि हेंडर असणार होता, आणि दाराला थाप पडणार नव्हती.

चढाच्या मध्यावर त्याला धाप लागली म्हणून तो कठड्याला टेकला. धुक्यात खालचं शहर नव्हतंच. बाप सांगायचा, योसेफ इंग्लंडात आला तो शेवटी चालत चालत एका टेकडीवर पोचला, इतका थकला की हातातली काठी जमिनीत खुपसून तिथेच बसला, आणि ती काठी उमलली; अजून नाताळात तिला फुलं येतात. लव्हडेला ते झाड बघायचं होतं म्हणून एका हिवाळ्यात दोघं गेले होते. झाड काटेरी, वाऱ्याने एका बाजूला कललेलं, आणि फुलं सगळी मिळून तीन. "एवढ्यासाठी माणूस समुद्र ओलांडून आला?" लव्हडे म्हणाली होती. लहानपणी हेंडरने बापाला हेच विचारलं होतं. इतका पैसेवाला माणूस, त्याचा देश उन्हाचा, त्याच्या बागा अंजिरांच्या. तो म्हातारपणी इथल्या चिखलात कशाला आला? बापाने बूट खाली ठेवून बराच विचार केला होता. "अरे, त्याने आपली कबर देऊन टाकली ना," तो म्हणाला. "आता माणसाने मरायचं कुठे? मग तो चालतच राहिला." आई हसली नव्हती. तिने बापाकडे फक्त पाहिलं होतं. आणि आता, कठड्याचा गार दगड कोटातून पाठीला लागत असताना, हेंडरला प्रथमच वाटलं, की या गोष्टीत योसेफाची बायको कुठे आहे? तिचं नावच कुणी घेत नाही. पैसेवाल्या माणसाला बायको असणारच. शुक्रवारी संध्याकाळी तो घरी आला असेल, हातांना प्रेताला लावलेल्या गंधरसाचा वास, बाह्यांना डाग. तिने दिवा लावला असेल. ती लव्हडेसारखीच दिसत होती, हात पिठाने भरलेले, डोक्याला रुमाल.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"काम होतं."

"कसलं काम? सणाचा दिवस तोंडावर आणि तुला कामं सुचतात."

"ती आपली बागेतली जागा," योसेफ म्हणाला, "मी दिली."

"भाड्याने?"

"नाही. दिली."

ती पीठ मळत राहिली असेल. बायका अशा वेळी हातातलं काम सोडत नाहीत. "दोन वर्षं कारागीर लावलेस," ती म्हणाली असेल. "दगड असा घडवा नि तसा घडवा. मला उन्हातान्हात बघायला नेलंस. म्हणालास, इथे तू आणि इथे मी. आता आपण कुठे निजायचं?" आणि योसेफाजवळ त्याचं उत्तर नव्हतं. हेंडरजवळही नव्हतं. एर्नीजवळ मात्र होतं. एकदा रविवारच्या जेवणात हीच गोष्ट निघाली तेव्हा तो तोंडातल्या घासासकट म्हणाला होता, "अरे, तीन दिवसांच्या बोलीवर तर दिली होती! रविवारी तो उठला, जागा मोकळी. कोरी करकरीत, चादरसुद्धा घडी घातलेली. एवढ्याचं कौतुक काय लावलंय." लव्हडेने त्याला फडक्याने मारलं होतं. कठड्याला टेकून हेंडरला हसू आलं, आणि लगेच ते थांबलं. एर्नी तिसऱ्या दिवशी उठणारा माणूस नव्हता. कारखान्याचा भोंगा झाल्यावरसुद्धा त्याला तीन हाका माराव्या लागत. त्याला दिलेली जागा परत मिळायची नव्हती.

दफनभूमीचं फाटक उघडं होतं. ओल्या पानांचा, लोखंडाचा, कुणीतरी जाळलेल्या कचऱ्याचा वास येत होता. भिंतीलगत तिसऱ्या ओळीत लव्हडेचा दगड होता. चार वर्षांत त्याच्या पायाशी शेवाळ धरलं होतं, आणि नावाखालची ती कोरी चार बोटं मात्र बाकीच्या दगडापेक्षा उजळ दिसत होती, किंवा त्याला तसं वाटलं. तो उभा राहिला. तो नेहमी नुसता उभाच राही. लोक येतात, दगडांशी बोलतात, बातम्या सांगतात. त्याला ते कधी सुचलं नाही. ती खाली गप्प, तो वर गप्प, सोमवार ते शनिवार घरात असे तसंच. आणि त्या शांततेत उभं असताना त्याला कळलं, की आपण कान लावून आहोत. चार वर्षं आपण इथे येतो आणि कान लावून उभे राहतो. कशाला? दाराला थाप पडावी म्हणून. रविवारी सकाळपासून तिसरी खुर्ची कोण ओढून ठेवायचं? लव्हडे नव्हे, ती पिठात असायची. तोच ठेवायचा. थाप पडण्याआधी घड्याळाकडे कोण बघायचं? एर्नी बोलायचा, लव्हडे हसायची, आणि हेंडर, त्या दोघांच्या मध्ये गप्प बसलेला, चुलीजवळ मांजर बसावं तसा ऊब घेत बसायचा. मत्सर होता. तो होताच, आताही होता. पण लव्हडे गेल्यावर एर्नी एकाही रविवारी आला नाही, हेंडरने ये म्हटलं नाही, आणि चार वर्षं टेबलाच्या दोन अंगांना धावताना दोघांनी तिचं नाव काढलं नाही. आणि या चार वर्षांत हेंडरला जे काही झालं होतं, जे तो गुडघ्यांचं दुखणं समजत होता, ते आता त्याला नीट दिसलं. त्याला एर्नीची फार आठवण येत होती. तो मेला नव्हता तेव्हापासून येत होती.

इथे खाली ती एकटी गप्प पडून आहे, त्याला वाटलं, आणि आणखी काही वर्षांनी मी येईन आणि वर गप्प पडेन. आणि तो तिकडे, कोण जाणे कुणाच्या खाली, अनोळखी माणसांना विनोद सांगत असेल आणि त्यांना ते कळणार नाहीत. धुक्यात कुठेतरी फाटकाची कडी वाजली. त्याने हात पुढे करून दगडावरच्या कोऱ्या जागेवरून बोटं फिरवली. ती गार होती, गुळगुळीत, आणि त्याची होती. मग त्याने हात खिशात घातला आणि तो टेकडी उतरू लागला.

विनी तळघरातल्या एका खोलीत राहत होती. दारात उभं राहून त्याला शब्द सापडेनात. सकाळी टेबलापाशी झालं तसंच झालं. सगळं तयार, आणि जीभ टाळ्याला. ती त्याच्याकडे बघत राहिली. वेळ निघून चालली होती, रस दाटत होता.

"एक जागा आहे," तो म्हणाला.

"कसली जागा?"

"टेकडीवर. भिंतीलगत. एर्नीसाठी."

"कुणाची?"

"रिकामी आहे," हेंडर म्हणाला. "तिथे अजून कुणाला ठेवलेलं नाही. खाली माझी बायको आहे."

विनी खुर्चीवर बसली. तिच्या चेहऱ्यावरून बरंच काही येऊन गेलं. "म्हणजे ती तुमची जागा," ती हळू म्हणाली. "मिस्टर नॅनकिव्हेल, लोक काय म्हणतील? नवरा ढळढळीत जिवंत, आणि तिच्या अंगावर परका पुरुष?"

"परका नव्हता तो. आमच्याकडे जेवायला यायचा."

"मला ठाऊक आहे यायचा ते. सगळा आठवडा सोमवारपासून तेच तर सांगायचा. कोपऱ्यावरची अक्षरं खिशात घालून आणायचा घरी. सुकून दगड झालेली. ती टाकू द्यायचा नाही मला." तिने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "आणि तुम्ही कुठे जाल?"

"बघू," हेंडर म्हणाला. "अजून चालतोय मी."

शुक्रवारी धुकं विरलं होतं आणि बारीक, पांढरं ऊन पडलं होतं. खणणाऱ्यांनी वरची माती काढली होती. खालची, लव्हडेच्या पेटीवरची, तशीच ठेवली होती. हेंडरने वाकून पाहिलं. आपली जागा आतून कशी दिसते हे माणसाला सहसा बघायला मिळत नाही. तिच्या बाजू सरळ होत्या, नीट कापलेल्या, आणि एका कडेला कुठल्या तरी झाडाची मुळं पांढरी दिसत होती. चांगली जागा होती. त्याला तिचा लोभ सुटला, अगदी त्या क्षणीही सुटला, आणि पेटी दोरांवरून उतरताना त्याचे हात आपोआप पुढे झाले, थांबवायला की धरायला ते त्यालाही सांगता आलं नसतं. गॅड्सबी आला होता, पर्सी आला होता. पाद्री आपलं म्हणून गेला. दगडवाला एका बाजूला टोपी हातात घेऊन उभा होता. सगळे पांगल्यावर तो जवळ आला.

"नाव घेतलंय मी," तो म्हणाला. "एर्नेस्ट स्टबिंग्ज. पुढे काय घालू? वरती 'हेंडरची बायको' असं आहे. या नावापुढे नातं काही घातलं नाही तर बरं दिसणार नाही. भाऊ घालू का? खपून जातं ते."

हेंडर दगडावरचं लव्हडेचं नाव बघत राहिला. दगडवाल्याला सवय असावी, तो थांबला.

"त्यांचा रविवारचा पाहुणा," हेंडर म्हणाला. "तेवढंच घाला."

शनिवारी रस ओतला तेव्हा टेबलाभोवती जरा जास्तच माणसं जमली. गॅड्सबी मागे हात बांधून उभा होता. पर्सीने शेजारच्यांकडून काय काय ऐकलं होतं कोण जाणे, तो देवळात उभं राहावं तसा उभा होता. वरच्या मजल्यावरची ती नळी अजून सुरात लागली नव्हती. तिचा स्वर येत होता, थांबत होता. हेंडरने पेटी धरली. रस लखलखत होता, आणि त्याच्या खोल तळातून बापाचे बूट, आईचं पाणी, बोट लागलेला एक पोर, काठी टेकत चढ चढणारा एक म्हातारा, असं काहीबाही हलत असल्याचा भास त्याला झाला. ती छटा आली. आणि त्याच्या तोंडून आवाज निघाला तो त्याचा नव्हता. जरा घोगरा, हळू, नको इतका गंभीर. एर्नी गंभीर का होई ते त्याला म्हणता म्हणता कळलं. हे वाक्य दुसऱ्या कुठल्या आवाजात म्हणताच येत नव्हतं.

"योसेफाचा धंदा कथलाचा."

पाऊल पडलं. पेटी सरसरत गेली, समोर पर्सी धावत होता, मागे पत्रा पडत होता, आणि टोकाला पोचून हेंडर वळला तेव्हा सगळे नुसते बघत होते. पत्रा शांत, राखाडी, कोरा पडला होता. मग मधोमध एक ठिपका आला. मग त्याच्या बाजूला दुसरा. मग टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्रा फुलत गेला. गॅड्सबीने नाक ओढलं आणि म्हणाला, "चला, कामाला लागा."

रविवारी हेंडरने सकाळी पीठ मळलं. त्याने लव्हडेला करताना हजारदा पाहिलं होतं, पण पाहणं वेगळं. पारी फाटली, सारण बाहेर आलं, एक बाजू करपली. तीन पास्ट्या झाल्या. तिसरी करू नये असं त्याच्या मनात आलं होतं, पण हात थांबले नाहीत. प्रत्येकीच्या कोपऱ्यावर त्याने अक्षर चिकटवलं; ती वेडीवाकडी होती तरी वाचता येत होती. त्या फडक्यात बांधून, चांगला कोट घालून, तो बसने टेकडीवर गेला. ताजी माती खचू लागली होती. दगडावर नवं नाव अजून पांढरं होतं, आणि त्याच्या खाली आता कुठेच जागा उरली नव्हती. त्याने दोन पास्ट्या दगडाच्या पायाशी ठेवल्या. आपली हातात ठेवली, तिचा कोपरा तोडला आणि खिशात घातला. पलीकडच्या ओळीत एक बाई फुलं लावत होती. तिला ऐकू जाईल हे त्याला दिसत होतं. त्याने टोपी काढली आणि बुटाच्या टाचेने मातीवर एक थाप दिली.

"आत एकाला जागा आहे का?" कंडक्टरचा आवाज काढून तो म्हणाला.

त्या बाईने चमकून वळून पाहिलं. हेंडर, टोपी हातात घेऊन, एर्नी थांबायचा तसा थांबून राहिला.